मुक्कामी गाडीचा ट्रेक : एसटीने नाणेघाट, जीवधन, चावंड आणि जुन्नर

स्वतःची गाडी घेऊन ट्रेकला गेलं की एक काळजी दिवसभर सोबत असते : गाडी खाली लावली आहे. म्हणजे ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरायचं, पलीकडची उतरंड कितीही खुणावत असली तरी. नाणेघाटाच्या बाबतीत तर हे फारच विचित्र होतं. ही वाट मुळातच अलीकडून पलीकडे जाण्यासाठी खोदलेली. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणला न्यायचा, म्हणून सातवाहनांच्या काळात हा घाट राबता होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी घाट चढून, वर फोटो काढून, पार्किंगसाठी परत कोकणात उतरत नव्हता.

एसटीने गेलात तर तुम्हालाही उतरावं लागत नाही. कल्याणहून निघायचं, कोकणच्या बाजूने घाट चढायचा, वर घाटघरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जीवधन किल्ला, मग चावंडचा किल्ला किंवा थेट जुन्नर, शिवनेरी बघायचा आणि माळशेज घाटातून गाडीने परत. तीन दिवस लागतात. दोनच असतील तर चावंड आणि जुन्नरजवळची लेण्याद्रीची लेणी गाळा. मी हा फेरा वेगवेगळ्या ऋतूंत केला आहे, दोनदा फसलोही आहे, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं डोंगराबद्दल आणि निम्मं स्टँडबद्दल आहे.

आधी परतीची गाडी, मग डोंगर

एसटीच्या ट्रेकचं नियोजन उलटं करायचं असतं. पहिला प्रश्न ‘किती वाजता निघायचं’ हा नाही, ‘शेवटची गाडी किती वाजता आणि कुठून’ हा आहे. ती वेळ मिळाली की तिच्यातून दीड तास वजा करा. त्या वेळेला तुम्ही थांब्यावर असायला हवं. मग उतरायला लागणारा वेळ वजा करा, गडावरचा वेळ वजा करा, चढायचा वेळ वजा करा. उरलेली वेळ पहाटे चारची आली तर आदल्या दिवशी मुक्कामाला जायचं, एवढा साधा हिशोब.

गाड्यांच्या वेळा मी इथे मुद्दाम देत नाही. गावच्या गाड्या शाळेवर चालतात. जून ते एप्रिल एक वेळापत्रक, मेमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत दुसरं. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून पोरांना घरी सोडणारी गाडी दुपारीच येऊन जाते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी चावंडवरून रमतगमत उतरलो, चार वाजता फाट्यावर बसलो आणि साडेपाचपर्यंत बसूनच राहिलो. शेवटी एक आजीबाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून म्हणाल्या, ‘‘आज शनवार हाय ना बाबा. गाडी मघाच गेली.’’ मग दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये उभं राहून आपटाळ्यापर्यंत आलो. बुटात दूध गेलं होतं. पुढचे दोन आठवडे बूट कोणी घरात घेऊ देईना.

वेळ विचारण्याचीही एक रीत आहे. ‘‘गाडी कधी येईल?’’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘येईल आता.’’ हा ‘आता’ पाच मिनिटांचा असतो तसा दीड तासाचाही असतो. त्याऐवजी विचारा, ‘‘काल किती वाजता आली होती?’’ कालचं उत्तर माणूस आठवून देतो, आणि ते बहुतेक बरोबर असतं. त्याहून पक्की माहिती हवी तर जुन्नर स्टँडच्या चौकशी खिडकीवर जा, मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढा, आणि तरीही त्याच मार्गावरच्या एखाद्या कंडक्टरला विचारून खात्री करा. बोर्डावरची ओळ आणि प्रत्यक्षातली गाडी यांची कधीकधी बरीच वर्षं भेट झालेली नसते.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून शेवटच्या गावाला गेलेली गाडी रात्री तिथेच राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. सकाळी तालुक्याला जाणारी भाजी, कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळी या गाडीवर अवलंबून असतात, त्यामुळे इतर फेऱ्या रद्द झाल्या तरी ही सहसा होत नाही. डोंगर फिरणाऱ्याने जीव टाकावा अशी ही गाडी आहे. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात अशा गाड्या जातात. मुक्कामाचं गाव मात्र बदलतं. घाटघर, अंजनावळे की आणखी पुढे, हे निघण्याआधी विचारून घ्या.

कल्याण ते वैशाखरे

कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की एसटी स्टँड. इथून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाटमार्गे जुन्नर, आळेफाटा आणि अहिल्यानगरकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात. यातली कोणतीही चालते. पाट्यांवर अजून ‘अहमदनगर’ किंवा नुसतं ‘नगर’ दिसलं तर गोंधळू नका. सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी पकडा. लोकलने येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच कुठली लोकल ते ठरवून ठेवावं.

तिकीट काढताना ‘नाणेघाट’ म्हणालात तर कंडक्टर मशिनमध्ये बघून मान हलवण्याची शक्यता आहे. वाट सुरू होते ती जागा वैशाखरे गाव ओलांडून दोन-तीन किलोमीटर पुढे, रस्त्याच्या उजव्या हाताला आहे, आणि प्रत्येक वाटेला टप्पा नसतो. म्हणून सरळ सांगायचं : ‘‘मास्तर, नाणेघाटाच्या वाटेला उतरायचंय, वैशाखऱ्याच्या पुढं. तिकीट कुठलं देता?’’ तो पुढच्या टप्प्याचं देईल. पाच-दहा रुपये जास्त गेले तर जाऊ देत. वैशाखरे आलं की उठून पुढे जाऊन उभे राहा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. घंटीची दोरी कंडक्टरची आहे, आपण ओढायची नाही.

बसायचं उजव्या बाजूला. टोकावडे सोडलं की सह्याद्रीची भिंत दिसायला लागते आणि तिच्यात एक सुळका अंगठा उभा धरल्यासारखा वर आलेला दिसतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या शेजारची खाच म्हणजे आपला घाट. उतरण्याआधी ही खूण डोळ्यात भरून घ्या, कारण जंगलात शिरल्यावर ती दिसेनाशी होते.

पैशांचं सांगायचं तर सुट्टे ठेवा. हल्ली तिकिटाच्या मशिनवर यूपीआय चालतं, पण रेंज असेल तर, आणि रेंज नेमकी तुमच्या वेळी जाते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंच्याहत्तरच्या पुढे मोफत. वयाचा पुरावा जवळ हवा. ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा चार आणि सात दिवसांचा पासही मिळतो, पण एवढ्याशा फेऱ्यासाठी तो परवडत नाही. तो सोलापूर-नांदेड करणाऱ्यांसाठी.

घाटाची चढण

रस्त्यावर उतरलात की आधी पाणी बघा. माणशी तीन लिटर, भरलेलं. ऑक्टोबरनंतर वाटेतला ओढा आटत जातो आणि वर टाकी गाठेपर्यंत भरवशाचं पाणी नाही. त्या टाक्यांचंही पाणी गाळून, औषधाची गोळी टाकून प्यावं.

वाट रुंद आणि मळलेली आहे. सुरुवातीचा भाग जवळजवळ सपाट, झाडीतून जातो. दोन-तीनदा ओढा ओलांडावा लागतो. मग चढ सुरू होतो आणि बराच वेळ संपत नाही. पायांना आधी मुरूम लागतो, मग मोठे दगड, आणि वरच्या टप्प्यात रचलेल्या दगडी पायऱ्या. या पायऱ्यांपाशी जरा थांबून खाली बघा. काही दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालेत. पावसाळ्यात हेच दगड साबणासारखे होतात, म्हणून पाऊल कडेला, खडबडीत जागी टाका.

आरामात चढलं तर तीन तास. सराव असेल तर दोन. तुम्ही नवीन लोकांना घेऊन जात असाल तर साडेतीन धरा आणि कोणाला घाई करू नका. मुक्काम वरच आहे, उतरायचं नाहीये, मग पळायचं कशाला? एसटीच्या ट्रेकची ही खरी मजा.

चुकायची जागा फारशी नाही, पण एक सांगतो. ओढ्याच्या आसपास गुरांच्या वाटा फुटतात. गुरांची वाट रुंद सुरू होते आणि पन्नास पावलांत झुडपात विरते. वाट विरली की पुढे घुसू नका, मागे या. मुख्य वाट विरत नाही.

लेणं आणि रांजण

खिंडीच्या तोंडाशी, अगदी शेवटच्या चढाच्या आधी, कातळात कोरलेली टाकी लागतात आणि मग लेणं. चौकोनी, साधं, कोरीवकाम नसलेलं. घाईत असलेला माणूस ‘गुहा आहे’ म्हणून पुढे जातो. तसं करू नका. आत जाऊन डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि बाजूच्या भिंती बघा. भिंतीभर ब्राह्मी अक्षरं आहेत, भाषा प्राकृत. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले आणि त्यांत किती गायी, घोडे, हत्ती, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दक्षिणा दिली, याची यादी आहे. आकडे अंकांत कोरलेले आहेत. ब्राह्मी अंकांच्या जुन्या नमुन्यांत नाणेघाटाचं नाव येतं ते याच भिंतीमुळे. घाटाच्या तोंडावर, माल घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राजघराण्याने आपला खर्च लिहून ठेवला. जाहिरातीची जागा निवडायची तर अशी.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरली आहेत : सिमुक सातवाहन, राणी नायनिका, सातकर्णी. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने हे लेणं अभ्यासकांच्या नजरेला आणलं, नंतर भगवानलाल इंद्रजींनी लेखाचं वाचन केलं. भिंतीला हात लावू नका, खडूने अक्षरं भरू नका, आत चूल पेटवू नका. पूर्वी ट्रेकर या लेण्यात सर्रास झोपायचे, मीही झोपलोय, आणि आता त्याचं वाईट वाटतं. धुराने काळवंडलेला कातळ त्या वेळी ‘वातावरण’ वाटायचा.

लेण्यावरून वर खिंडीची अरुंद नाळ चढून गेलं की घाटमाथा. तिथे एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात, आणि घाटाचं नावही त्यावरूनच आलं म्हणतात. त्यात हल्ली चिप्सची पाकिटं दिसतात. बाजूने नानाच्या अंगठ्यावर जाता येतं. वर सपाटी, समोर थेट कोकण. वारा उलटा वर येतो, त्यामुळे पावसाळ्यात धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. ते बघायला जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी इतकी गर्दी होते की एसटीलाही रस्ता मिळत नाही, आणि कधीकधी प्रशासन बंदीही घालतं. उलटा धबधबा बघायचाच असेल तर मधल्या वारी या. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा खरा काळ. सप्टेंबरअखेर पठारावर सोनकी फुललेली असते, भात पोटरीला आलेलं असतं, आणि वाटेत पाणीही असतं.

घाटघरचा मुक्काम

घाटमाथ्यावरून घाटघरला डांबरी रस्त्याने पाऊण ते एक तास. उजवीकडे जीवधन आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका सोबत करतात. ऊन उतरल्यावर हा रस्ता चालायला फार छान वाटतो.

गावात घरगुती जेवणाची, राहण्याची सोय होते. पण भल्या मोठ्या टोळीने अचानक जाऊन ‘‘पंधरा जणांचं जेवण होईल का?’’ विचारू नका. दोन-तीन दिवस आधी फोन करा. जुन्नरकडच्या ट्रेकरांकडे नंबर असतात. जेवण म्हणजे तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात, कालवण. पैसे किती ते आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. एका माणसाच्या जेवणाच्या पैशात शहरात कॉफी येते.

हा सगळा महादेव कोळी समाजाचा पट्टा आहे. भातशेती आणि हिरडा यांवर घरं चालतात. हंगामात अंगणात, ओट्यावर, रस्त्याच्या कडेलाही बाळहिरडा वाळत घातलेला दिसेल : काळसर, सुरकुतलेला, बारीक. त्यावरून चालत जाऊ नका, गाडीही नेऊ नका. तो कोणाचा तरी वर्षाचा किराणा आहे. पहाटेच्या गाडीत हिरड्याची पोती मधल्या वाटेत ठेवलेली असतात, तेव्हा तुमची भली मोठी सॅक मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. पोत्याचं तिकीट काढलेलं असतं, सॅकचं नसतं.

संध्याकाळी मुक्कामी गाडी आली की कंडक्टरला गाठा. दिवसभराची रोकड मोजून, हातपाय धुऊन, चहाचा कप हातात घेतलेला कंडक्टर हा या परिसरातला सगळ्यात विश्वासू माहितीचा साठा असतो. सकाळी किती वाजता, उद्या दुपारची फेरी आहे का, चावंडला गाडी फाट्यावर थांबते की गावात जाते, सगळं त्याला ठाऊक. माझ्या एका मुक्कामात तर ड्रायव्हरकाकांनीच सल्ला दिला होता की जीवधन उतरून बाराला खाली आलात तर आमची दुपारची मिळेल, नाहीतर पाच वाजेपर्यंत माश्या मारा. आम्ही सव्वाबाराला उतरलो आणि पाच वाजेपर्यंत माश्या मारल्या.

जीवधन

पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन निघा. जास्तीचं सामान मुक्कामाच्या घरी ठेवा. पाणी, खाऊ, प्रथमोपचार आणि तीस-चाळीस फूट दोर एवढंच बरोबर.

गडाला दोन वाटा. एक घाटघरकडून, जुन्नर दरवाजाची. दुसरी नाणेघाटाच्या पठाराकडून, वानरलिंगीच्या बाजूने कल्याण दरवाजात जाणारी. नवशिक्यांनी घाटघरच्या वाटेने चढावं आणि तिनेच उतरावं. खाचरांतून आणि मग दाट झाडीतून वाट कातळाला भिडते, तिथून कोरीव पायऱ्या. १८१८ च्या लढाईत इंग्रजांनी इथल्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे मध्येच पायऱ्या संपतात आणि कातळात हात-पाय दोन्ही लावून चढायची जागा येते. घाबरण्यासारखं नाही, पण ओल असेल तर मात्र जिवाशी खेळ. कल्याण दरवाजाच्या बाजूचा कातळटप्पा याहून उभा आहे. तिथे दोर आणि दोर लावता येणारा माणूस, दोन्ही हवेत.

तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, कातळ आतून पोखरून काढलेला कल्याण दरवाजा. आत शिरल्याशिवाय तो आहे हे कळतच नाही. दुसरी, धान्यकोठी. कमानीदार, एकामागे एक दालनं, अंधार असल्याने बॅटरी लागतेच. शेवटच्या लढाईत इथलं धान्य जळालं आणि त्याची राख अजून आत सापडते, असं गावकरी सांगतात. तिसरी, वानरलिंगीच्या समोरचा कडा. सुळका साडेतीनशे फुटांच्या आसपास आहे आणि तुम्ही त्याच्या जवळजवळ डोक्याच्या पातळीवर उभे असता. कड्यापाशी पोटावर झोपून खाली बघा, उभं राहून नको.

इतिहासात जीवधनचं नाव येतं ते एका पोरामुळे. निजामशाही बुडाली तेव्हा तिचा वारस लहानगा मूर्तझा या गडावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला इथून सोडवलं, पेमगिरीवर नेऊन गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने काही वर्षं कारभार चालवला. कोठीत उभं राहून हे आठवलं की दालनं थोडी अधिक गार वाटतात.

चढायला दीड ते दोन तास, वर दीड तास, उतरायला सव्वा तास. आता तुमचा परतीचा हिशोब तुम्ही करा, माश्यांसह.

चावंड, वेळ असेल तर

घाटघर-जुन्नर रस्त्यावरच चावंड लागतो. फाट्यावर किंवा चावंडवाडीत उतरून तासाभरात माथा गाठता येतो. खालचा टप्पा सोपा, पायऱ्यांचा. वरचा उभा, कातळातल्या अरुंद पायऱ्यांचा, पण रेलिंग लावलेलं आहे. मधे एका जागी तोफेची नळी उभी पुरलेली दिसते. वर सप्तमातृकांची म्हणून ओळखली जाणारी सात टाक्यांची जोडणी आहे आणि सगळ्यात उंच जागी चामुंडेचं छोटं देऊळ. किल्ल्याचं शिवकालीन नाव प्रसन्नगड. जवळच पूर गावात कुकडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे, कुकडी नदीचा उगम तिथला. चालत जाता येतं, पण शेवटच्या गाडीकडे लक्ष ठेवून. शनिवारी तर नकोच.

जुन्नर, शिवनेरी आणि परत

जुन्नरला लॉज आहेत, जेवणाची चंगळ आहे. कुठे मासवडी-रस्सा मिळाला तर दुसरं काही मागवू नका. पाटवड्यांसारख्या दिसतात, पण आत तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण असतं. नावात मासा असला तरी शाकाहारी.

शिवनेरी स्टँडपासून चालत जाण्यासारखा आहे. दोन वाटा : सात दरवाजांची पायऱ्यांची राजवाट आणि गावाच्या बाजूने जाणारी साखळीची वाट. साखळीची वाट कमी वेळात वर नेते, पण तिच्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि साखळीचा आधार एवढंच आहे. उंचीची भीती असेल तर पायऱ्यांनीच जा आणि पायऱ्यांनीच या. उतरायला तर साखळी कोणालाच सुचवणार नाही. वर शिवाई देवीचं देऊळ, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला ती वास्तू आणि टोकाला कडेलोटाचा कडा. शिवजयंतीला येणार असाल तर हा ट्रेक समजू नका, यात्रा समजा. गाड्या भरून येतात आणि भरून जातात.

इथली दोन भयं खरी आहेत. एक आग्या मोहोळ. कड्यांना, लेण्यांच्या छताला पोळी असतात. अत्तर, सुगंधी स्प्रे, धूर, आरडाओरडा, दगड मारणं, यांतलं काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-मान झाकून सरळ तिथून दूर पळा, हात हलवत उभे राहू नका. दुसरं बिबट्या. जुन्नर तालुक्यातल्या उसात बिबटे राहतात, जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रच आहे. पहाटे किंवा अंधार पडल्यावर फाट्यावर एकटं बसून गाडीची वाट बघू नका, उसाच्या कडेला वाकून बूट बांधत बसू नका. उभं राहा, मोबाइलवर गाणी लावा, बॅटरी चालू ठेवा. साप चावला तर मांत्रिक आणि गावठी उपाय बाजूला ठेवून १०८ ला फोन करून थेट दवाखाना.

सकाळ मोकळी असेल तर पाच किलोमीटरवर लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, तीस लेणी, त्यांतल्या सातव्यात गिरिजात्मज गणपती. तिकीट आहे, माकडंही आहेत. प्रसादाची पिशवी हातात दिसली की ती तुमची राहत नाही.

पुण्याचे लोक हा सगळा फेरा उलटा करू शकतात. वाकडेवाडीच्या स्टँडवरून नारायणगावमार्गे जुन्नर, संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने घाटघर, दुसऱ्या दिवशी जीवधन, तिसऱ्या सकाळी नाणेघाट उतरून कोकणात. गुडघे कुरकुरतील, काठी घ्या. खाली महामार्गावर आल्यावर मात्र उतारावर हात दाखवत उभे राहू नका. लांब पल्ल्याची गाडी तिथे थांबत नाही आणि थांबू नयेच. वैशाखऱ्यापर्यंत चाला, थांब्यावर उभे राहा. आळेफाट्याकडे जाणारी गाडी पकडली की नारायणगावमार्गे पुन्हा पुणे.

मुंबईकरांनी जुन्नरहून दुपारची कल्याण गाडी घ्यावी, म्हणजे माळशेज उजेडात उतरता येतो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो, त्यामुळे निघण्याआधी खिडकीवर विचारा, ‘‘घाट चालू आहे का?’’ बंद असेल तर पुण्याला जाऊन रेल्वे, दुसरा सोपा मार्ग नाही. चालू असेल तर आता डावीकडच्या खिडकीत बसा. घाट उतरून टोकावड्याच्या अलीकडे आलात की काच सरकवा. ती बहुधा अडकलेली असते, दोन्ही हातांनी ओढा. पहिल्या दिवशी उजवीकडून पाहिलेला अंगठा डावीकडे दिसेल.